बावीस अक्षरांच्या चिठ्ठ्या आणि यकृतातली आवक-जावक

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझ्या यजमानांचं वय ५४. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवला. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी ते न चुकता घेतात, दोनदा डोस वाढवून झाला, तरी एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १०० च्या खाली उतरत नाही. आता डॉक्टरांनी वर्षातून दोनदा घ्यायचं एक इंजेक्शन सुचवलं आहे. ‘हे आरएनएचं औषध आहे,’ एवढंच ते म्हणाले. माझी मुलगी जैवतंत्रज्ञान शिकते. ती म्हणते, आपल्या यकृतात मायक्रोआरएनए-३३ नावाचा रेणू असतो, तो कोलेस्टेरॉल अडवून धरतो आणि हे इंजेक्शन तोच बंद करत असणार. मला फार समजत नाही. पण शरीराने स्वतः तयार केलेली गोष्ट बंद करायची, तर ते सुरक्षित असतं का?

उत्तर : तुमच्या लेकीला दोन गोष्टी माहीत आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत, फक्त त्या वेगवेगळ्या आहेत. डॉक्टरांनी सुचवलेलं इंजेक्शन मायक्रोआरएनए-३३ ला हात लावत नाही. वर्षातून दोनदा म्हणजे ते बहुधा इन्क्लिसिरान असावं. त्याचं काम दुसऱ्याच ठिकाणी चालतं. त्याकडे मी येतेच. पण आधी मायक्रोआरएनएबद्दल सांगू द्या, कारण तुम्ही शेवटच्या ओळीत जे विचारलं आहे, त्याचं उत्तर तिथेच आहे. शिवाय हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

मी प्रयोगशाळेत नवी होते तेव्हा पेशींमधला आरएनए वेगळा करायला तो जेलच्या चकतीत भरून त्यातून वीज सोडत असू. लांब रेणू वरच रेंगाळत, आखूड रेणू भराभर खाली जात. सोबत घातलेला निळा रंग तळाशी पोचला की वीज बंद करायची. त्या रंगाच्याही पुढे जे गेलेलं असे, ते जेलमधून निघून खालच्या द्रावणात उतरे. संध्याकाळी ते द्रावण आम्ही बेसिनमध्ये ओतून देत असू. तुटके-फुटके तुकडे, यापलीकडे त्यांना कुणी काही म्हणत नसे. मीही कधी विचारलं नाही.

१९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत दाखवलं, की जेमतेम २२ अक्षरांचा (अक्षर म्हणजे आरएनएच्या साखळीतला एकेक दुवा) एक आरएनए दुसऱ्या जनुकाचं काम थांबवतो. त्या आरएनएपासून कुठलंच प्रथिन तयार होत नव्हतं. पुढची सात वर्षं ही त्या कृमीचीच काहीतरी खासियत आहे असं मानलं गेलं. मग २००० मध्ये असाच दुसरा रेणू सापडला आणि तो माणसासकट कितीतरी प्राण्यांमध्ये निघाला. २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं, त्या दिवशी मला ते बेसिन आठवलं आणि बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही.

हे छोटे आरएनए करतात काय? जनुकातला मजकूर आधी एका लांब संदेशवाहक आरएनएवर उतरतो आणि त्यावरून प्रथिन बनतं. मायक्रोआरएनए आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात जाऊन बसतो आणि अशा संदेशांच्या शेपटाकडच्या भागात आपल्याशी जुळणारी अक्षरं शोधतो. यातला कळीचा मुद्दा असा, की सगळी बावीस अक्षरं जुळावी लागत नाहीत. दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची सात अक्षरं जुळली की बहुतेक वेळा काम भागतं. मग त्या संदेशावरून प्रथिन बनणं मंदावतं आणि संदेशही लवकर मोडतो. सात अक्षरांचा मेळ शेकडो संदेशांत सापडू शकतो. त्यामुळे एकच मायक्रोआरएनए एका वेळी अनेक जनुकांवर हात ठेवून असतो, प्रत्येकावर थोडा थोडा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कोलेस्टेरॉल. पेशीत ते कमी पडलं की एसआरईबीपी-२ नावाचं प्रथिन जागं होतं आणि केंद्रकात जाऊन हुकूम सोडतं : कोलेस्टेरॉल बनवा, आणि रक्तातून एलडीएल ओढून घ्यायला पेशीच्या पृष्ठभागावर रिसेप्टर वाढवा. रक्तातलं एलडीएल पेशी कशी उचलते हे मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी दाखवलं, त्यांना १९८५ चं नोबेल मिळालं. एसआरईबीपीचा उलगडाही पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेत झाला. ही झाली आवक. जावक सांभाळतं एबीसीए-१ नावाचं प्रथिन. ते पेशीतलं जादा कोलेस्टेरॉल बाहेर काढून देतं आणि त्यातून एचडीएलचे, म्हणजे ‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलचे, कण घडू लागतात. हे प्रथिन जन्मतः बिघडलेलं असेल तर टँजियर नावाचा दुर्मीळ आजार होतो. अमेरिकेतल्या टँजियर बेटावरच्या मुलांमध्ये तो प्रथम ओळखला गेला. त्यांच्या रक्तात एचडीएल जवळजवळ नव्हतं आणि घशातल्या गाठी साठलेल्या कोलेस्टेरॉलमुळे केशरी दिसत होत्या. त्यामागचं जनुक एबीसीए-१ आहे हे १९९९ मध्ये कळलं. जावक बंद पडली की काय होतं, ते त्या घशांत उघड्या डोळ्यांनी दिसत होतं.

मग आलं २०१०. एसआरईबीपी-२ चं जे जनुक, त्याच्या मजकुरातले काही भाग प्रथिन बनवताना कापून टाकले जातात. त्यांना इंट्रॉन म्हणतात. त्यातल्या सोळाव्या इंट्रॉनमध्ये मायक्रोआरएनए-३३ए दडलेला असतो. म्हणजे पेशी एसआरईबीपी-२ चं जनुक वाचते तेव्हा मिर-३३ आपोआप हाती येतो. (प्रयोगशाळेत आम्ही त्याला मिर-३३च म्हणतो.) आणि हा मिर-३३ बसतो कुठे? एबीसीए-१ च्या संदेशावर, तेही एका नव्हे, तीन जागी. एकाच जनुकाच्या पोटातून दोन हुकूम निघतात : आवक वाढवा आणि जावक रोखा. टंचाईच्या दिवसांत पेशीने असंच वागायला हवं. हे दाखवणारे दोन शोधनिबंध ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. ते वाचताना मी उभीच होते, बसायचं राहून गेलं. ज्या जनुकाच्या प्रथिनावर इतकी वर्षं काम झालं, त्याच जनुकाच्या टाकाऊ मानलेल्या तुकड्यात हे बसलेलं होतं.

उंदरांत मिर-३३ ला बांधून ठेवणारा उलट आरएनए टोचला, तेव्हा एबीसीए-१ वाढलं, एचडीएल वाढलं आणि २०११ मध्ये तर धमन्यांतले थर कमी झालेलेही दिसले. पण उंदराकडे फक्त मिर-३३ए असतो. माणसाकडे दुसराही आहे, मिर-३३बी. तो एसआरईबीपी-१ च्या जनुकात बसतो, आणि ते जनुक मेदाम्लं तयार करण्याचा कारभार बघतं. म्हणून आफ्रिकी ग्रीन माकडांवर प्रयोग झाला, कारण त्यांच्यात आपल्यासारखे दोन्ही असतात. बारा आठवड्यांत त्यांचं एचडीएल ५० टक्क्यांपर्यंत वाढलं आणि ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाहून नेणारे व्हीएलडीएलचे कण उतरले. त्या वर्षी माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाला वाटत होतं की औषध आता आलंच.

ते आलं नाही. मिर-३३ चं जनुकच काढून टाकलेले उंदीर मोठे झाल्यावर लठ्ठ झाले, त्यांच्या यकृतात चरबी साठली. दुसऱ्या एका प्रयोगात चरबीयुक्त आहारावरच्या उंदरांना उलट आरएनए दीर्घकाळ दिला, तर त्यांचं ट्रायग्लिसराइड वाढलं आणि यकृत मेदाने भरलं. सगळ्याच प्रयोगशाळांना तसं दिसलं नाही, पण शंका घर करून बसली. मिर-३३ केवळ एबीसीए-१ वर हात ठेवून नसतो, मेदाम्लं जाळणाऱ्या प्रथिनांवरही ठेवतो आणि इतरही बऱ्याच संदेशांवर. एक हात उचलला की सगळेच उचलले जातात.

यकृतात सर्वाधिक असणारा मायक्रोआरएनए म्हणजे मिर-१२२. तिथल्या एकूण मायक्रोआरएनएपैकी सुमारे ७० टक्के तोच. त्याला २००५ मध्ये उंदरांत अडवलं तेव्हा रक्तातलं कोलेस्टेरॉल स्पष्ट उतरलं. २००८ मध्ये माकडांतही उतरलं. मात्र त्यासोबत एचडीएलही उतरलं. पुढे २०१२ मध्ये ज्या उंदरांत मिर-१२२ मुळीच नव्हता, त्यांच्या यकृतात आधी चरबी, मग दाह आणि शेवटी कर्करोगाच्या गाठी आढळल्या. थोडे दिवस अडवणं आणि जन्मभर नसणं यांत फरक आहे, हे मी मान्य करते. पण कोलेस्टेरॉलची गोळी माणूस थोडे दिवस घेत नाही, तीस-तीस वर्षं घेतो. ‘शरीराने स्वतः तयार केलेली गोष्ट बंद करणं सुरक्षित असतं का?’ हा तुमचा प्रश्न या क्षेत्रातले लोक त्या उंदरांकडे बघत गेली कित्येक वर्षं विचारत आले आहेत.

आता तुमच्या यजमानांचं इंजेक्शन. त्यात जो आरएनए आहे त्याला एसआयआरएनए म्हणतात. तोही आखूड, जवळपास तेवढ्याच अक्षरांचा, आणि जाऊन बसतो त्याच आर्गोनॉटमध्ये. म्हणूनच लेकीची गल्लत झाली आणि ती होणं स्वाभाविक आहे. पण हा आरएनए माणसाने एकाच संदेशासाठी घडवलेला आहे. त्याची जवळपास सगळी अक्षरं त्या संदेशाशी जुळतात, आणि अशी पूर्ण जुळणी झाली की आर्गोनॉट त्या संदेशाचे सरळ दोन तुकडे करतो. हा संदेश पीसीएसके-९ नावाच्या प्रथिनाचा असतो.

पीसीएसके-९ एलडीएलच्या रिसेप्टरला चिकटतं आणि त्याला पेशीच्या आत नेऊन नष्ट करवतं. एरवी एक रिसेप्टर एलडीएलचा कण आत सोडून परत वर येतो आणि अशा कितीतरी फेऱ्या मारतो. पीसीएसके-९ चिकटलं की ती फेरी शेवटची. हे प्रथिन कमी झालं की तेच रिसेप्टर जास्त काळ टिकतात आणि रक्तातून जास्त एलडीएल उचलतात.

स्टॅटिनचा डोस वाढवूनही एलडीएल का हलत नाही, त्याचंही उत्तर इथेच आहे. स्टॅटिन पेशीतलं कोलेस्टेरॉल बनणं रोखतं. पेशीला टंचाई जाणवते. एसआरईबीपी-२ जागं होतं आणि रिसेप्टर वाढवतं, हा आपल्याला हवा असलेला परिणाम. पण तेच एसआरईबीपी-२ पीसीएसके-९ चं जनुकही चालू करतं आणि एसआरईबीपी-२ च्या स्वतःच्या जनुकातला मिर-३३एसुद्धा वाढतो. म्हणून स्टॅटिनचा डोस दुप्पट केला, तर एलडीएल आणखी साधारण ६ टक्केच उतरतं. यजमानांनी गोळी टाळली असेल का, अशी शंका मनात आली असेल तर ती काढून टाका. त्यांचं यकृत आपलं नेमून दिलेलं काम करतं आहे.

आणि सुरक्षिततेचं काय? इथे निसर्गाने स्वतःच प्रयोग करून ठेवला आहे. २००३ मध्ये काही फ्रेंच कुटुंबांत पीसीएसके-९ च्या जनुकात बदल सापडले. तिथे प्रथिन जास्त जोमाने काम करत होतं आणि एलडीएल लहानपणापासून वाढलेलं होतं. मग उलट बाजूची माणसं शोधली गेली. २००६ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या पंधरा वर्षांच्या पाहणीतून दिसलं, की ज्यांच्यात या जनुकाची एक प्रत जन्मतः निकामी होती, त्यांचं एलडीएल २८ टक्के कमी होतं आणि हृदयधमन्यांचा आजार ८८ टक्के कमी. एरवी ती माणसं इतरांसारखीच जगत होती. मिर-३३ किंवा मिर-१२२ बद्दल असा दाखला आपल्याकडे नाही. मला या औषधाबद्दल जो विश्वास वाटतो तो कंपनीच्या माहितीपत्रकामुळे नाही, या माणसांमुळे वाटतो.

इन्क्लिसिरानच्या रेणूला साखरेचे तीन छोटे शेंडे जोडलेले असतात. यकृताच्या पेशींवर ती साखर ओळखणारे रिसेप्टर दाटीने असतात, म्हणून औषध मुख्यतः तिथेच ओढलं जातं. दोन दिवसांत ते रक्तातून नाहीसं होतं, परिणाम मात्र सहा महिने टिकतो, कारण आर्गोनॉटमध्ये बसलेली एकच प्रत पुन्हा पुन्हा संदेश कापत राहते. पहिला डोस, तीन महिन्यांनी दुसरा, मग दर सहा महिन्यांनी, दर वेळी २८४ मिलिग्रॅम त्वचेखाली. एलडीएल सरासरी निम्म्यावर येतं. टोचल्या जागी लाली किंवा दुखणं, ही सर्रास दिसणारी तक्रार. युरोपात २०२० च्या डिसेंबरात आणि अमेरिकेत त्यानंतर वर्षभराने त्याला मान्यता मिळाली. स्टॅटिनची गोळी मात्र डॉक्टर सांगत नाहीत तोवर थांबवू नका. स्टॅटिनमुळे जे पीसीएसके-९ वाढतं तेच हे इंजेक्शन खाली आणतं, त्यामुळे दोघांची जोडी चांगली जमते. स्टेंट बसलेला असताना डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा : एलडीएलचं आपलं लक्ष्य किती, ७० की ५५? आणि तिथे पोचायला एझेटिमाइबची साधी गोळी आधी जोडून पाहिली आहे का?

लेकीला सांगा, मिर-३३ चा नाद सोडू नकोस. आणि मिर-१४८ए बघ म्हणावं. तो एलडीएलचा रिसेप्टर आणि एबीसीए-१ या दोघांनाही दाबून ठेवतो, हे २०१५ मध्ये कळलं.

प्रश्न : माझं एचडीएल ३१ आहे. वाढवायला काही आरएनएचं औषध मिळेल का?

उत्तर : नाही, आणि एचडीएलचा आकडा वाढवण्यासाठी औषध शोधू नका असं मी आपणहून सांगेन. टॉर्सेट्रापिब नावाच्या गोळीने एचडीएल ७२ टक्के वाढवलं होतं, एलडीएलही उतरवलं होतं. सुमारे १५,००० लोकांवरची तिची चाचणी २००६ मध्ये थांबवावी लागली, कारण गोळी घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होते. एचडीएल हा जावकीच्या नोंदवहीतला आकडा आहे. वहीतला आकडा वाढला म्हणून माल खरोखर बाहेर पडला असं होत नाही. धूम्रपान करत असाल तर सोडा, ट्रायग्लिसराइड आणि रक्तातली साखर तपासा, आणि एलडीएल किती आहे ते मला कळवा. तुमच्या पत्रात ते नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच आहे.

प्रश्न : रक्तातले मायक्रोआरएनए मोजून हृदयविकाराचा धोका आधीच कळतो, असं ऐकलं. अशी तपासणी करून घ्यावी का?

उत्तर : रक्तात मायक्रोआरएनए असतात हे खरं. एचडीएलचे कण ते वाहून नेतात आणि दुसऱ्या पेशींना पोचवतात, हे २०११ मध्ये दाखवलं गेलं. त्या कणांत मिर-२२३ भरपूर असतो. इथपर्यंत सगळं ठीक आहे.

मोजणं मात्र फार नाजूक काम आहे. मी स्वतः एकदा चाळीस नमुन्यांवर काम केलं होतं. आजारी आणि निरोगी गटांत मिर-४५१ चा इतका स्पष्ट फरक दिसला की मी रात्री झोपले नाही. सकाळी फ्रीझरमधून नळ्या काढून उजेडात ओळीने लावल्या. एका गटाच्या प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवात, हलकी गुलाबी झाक होती. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या होत्या, आणि मिर-४५१ तांबड्या पेशींतच खच्चून भरलेला असतो. मी आजार मोजत नव्हते, सुईचा वेग मोजत होते. चार महिन्यांचं काम त्या सकाळी बाजूला ठेवलं. हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) नळीत घेतलेलं रक्त असेल तर आणखी वेगळी अडचण, कारण हेपरिन मोजणीच्या अभिक्रियेलाच अडवतं.

म्हणून तुम्ही आज ही तपासणी करू नये असं माझं मत आहे. त्याऐवजी साध्या लिपिड प्रोफाइलसोबत आयुष्यात एकदा लिपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखाच एक कण, तपासून घ्या. ते बहुतांशी जन्मतःच ठरलेलं असतं आणि पुष्कळांना ते वाढलेलं असल्याचा पत्ताच नसतो. ते कमी करणारी आरएनएवर आधारित औषधं आता मोठ्या चाचण्यांत आहेत.

प्रश्न : वनस्पतींतले मायक्रोआरएनए पोटातून यकृतात जाऊन कोलेस्टेरॉल कमी करतात, अशी जाहिरात असलेल्या गोळ्या घ्याव्यात का?

उत्तर : घेऊ नका. २०१२ मध्ये एका शोधनिबंधात असा दावा आला होता, की एका धान्यातला मायक्रोआरएनए उंदरांच्या रक्तात पोचतो आणि यकृताची एलडीएल उचलण्याची क्षमता बदलतो. त्या दाव्यातही एलडीएल वाढत होतं, कमी होत नव्हतं. पुढच्याच वर्षी दुसऱ्यांनी काळजीपूर्वक तोच प्रयोग केला, तेव्हा तो रेणू यकृतात नोंद घेण्याइतकाही सापडला नाही. आखूड आरएनए पचनमार्गात तुटतो. इन्क्लिसिरानला रासायनिक कवच चढवून सुईने टोचावं लागतं ते याचसाठी. गोळ्यांच्या डबीवरचा मजकूर मला पत्राने पाठवा, त्यात काय काय लिहिलं आहे ते मला बघायचं आहे.